तबेल्यापासून डार्टफर्डपर्यंत : ‘सेव्हन’ची वाटचाल

जून १९७३ मध्ये लोटस कंपनीने ‘सेव्हन’ या आपल्या सर्वांत साध्या मोटारीचे हक्क, साचे आणि शिल्लक सुटे भाग केटरहॅम कार्स या आपल्या विक्रेत्याच्या हवाली केले. त्या हस्तांतराला २०२३ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. मोटारीचा जन्म मात्र त्याआधीचा, १९५७ चा. त्यामुळे या सुवर्णमहोत्सवी लेखात केवळ एका कंपनीचा इतिहास सांगून भागणार नाही. कंपनीचे मालक बदलले, गाव बदलले, इंजिने तर कितीदा बदलली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना खेटून दोन आसने, एवढे मात्र कायम राहिले. ते टिकवणाऱ्यांत संस्थापक होते, कारागीर होते आणि पाना हातात घेऊन आपली मोटार आपणच जोडणारे हजारो मालकही होते.

पूर्वपीठिका : १९४०चे दशक

दुसरे महायुद्ध संपले, तरी ब्रिटनमधली टंचाई संपली नव्हती. पोलाद आधी निर्यात करणाऱ्या कारखान्यांना मिळे. नव्या मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पेट्रोल कुपनावर होते. अशा काळात जुनी ‘ऑस्टिन सेव्हन’ हाच हौशी तरुणांचा आधार होता. १९२२ ते १९३९ या काळात लाखोंनी तयार झालेली ही छोटी मोटार स्वस्तात मिळे आणि घरच्या घरी खोलता-जोडता येई. तिच्या प्रेमिकांनी १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला होता. कमी पैशांत शर्यती कशा करायच्या, हे ब्रिटनला या क्लबने शिकवले.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारा विद्यार्थी. हॉर्न्सी भागात त्याचे वडील ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. शिक्षण चालू असतानाच तो जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७ च्या अखेरीस खासगी मोटारींचे पेट्रोल कुपन बंद झाले आणि बाजार कोसळला. बहुतेक मोटारी तोट्यात विकल्या गेल्या. एक ऑस्टिन सेव्हन मात्र कोणी घेईना. हेझल विल्यम्स हिच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये चॅपमनने ती उघडली आणि तिच्या सांगाड्यावर नवे अंग चढवले. लोटसची पहिली मोटार ती हीच. हेझल पुढे श्रीमती चॅपमन झाल्या. लोटसच्या सुरुवातीच्या आर्थिक आणि व्यावहारिक जबाबदाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा होता.

१९५०चे दशक : तबेल्यातला कारखाना

१९५१ च्या मोसमात चॅपमनने ७५० क्लबच्या शर्यतींसाठी तिसरी मोटार बांधली. तिच्या इंजिनात हवा-पेट्रोल शिरण्याच्या मार्गात त्याने केलेली युक्ती इतकी परिणामकारक ठरली की पुढे क्लबला नियमच बदलावा लागला. १ जानेवारी १९५२ रोजी चॅपमन आणि त्याचा सहकारी मायकेल अ‍ॅलन यांनी ‘लोटस इंजिनिअरिंग कंपनी’ सुरू केली. भांडवल म्हणून हेझलने दिलेले २५ पौंड होते आणि जागा म्हणून रेल्वे हॉटेलमागचा जुना तबेला. बहुतेक सहकारी दिवसभर दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी येत. डी हॅविलंड विमान कंपनीतून आलेले माइक कॉस्टिन त्यांतलेच. पुढे दोनदा जगज्जेता झालेला ग्रॅहम हिलही काही काळ इथे रोजंदारीवर मेकॅनिक होता.

या तबेल्यातून निघालेली ‘मार्क सिक्स’ ही लोटसची पहिली नियमित उत्पादनातली मोटार. जाड लोखंडी पट्ट्यांऐवजी तिला पातळ पोलादी नळ्यांचा त्रिकोणी जोडणीचा सांगाडा होता. विमानात आणि पुलांत वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक नळीवर फक्त ताण किंवा दाब येतो, वाकण्याचा भार येत नाही. म्हणून कमी धातूत जास्त मजबुती मिळते. सांगाडे प्रोग्रेस चॅसी कंपनी करी, तर पत्र्याचे काम विल्यम्स आणि प्रिचर्ड यांचे कारागीर. सुमारे ११० ‘सिक्स’ तयार झाल्या आणि त्या सुट्या भागांतच विकल्या गेल्या.

सुट्या भागांत विकण्यामागे सरकारी कर होता. युद्धकाळात, १९४० मध्ये लागू झालेला ‘पर्चेस टॅक्स’ तयार मोटारीवर भरावा लागे. सुट्या भागांवर तो नव्हता. अट एकच होती : विक्रेत्याने जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. तेव्हा लोटसने मोटार *खोलण्याच्या* सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असा किस्सा आजही सांगितला जातो. किस्सा किती खरा, हा भाग वेगळा. पण त्या कराने ब्रिटनमध्ये हजारो माणसांच्या हाती पाना दिला, हे खरे.

‘सिक्स’नंतर लोटसने आठ, नऊ, दहा, अकरा अशा क्रमांकांच्या शर्यती मोटारी काढल्या, सात हा क्रमांक मात्र रिकामाच राहिला होता. १९५७ मध्ये ‘सिक्स’ची वारसदार आली आणि तो क्रमांक तिला मिळाला. त्याच वर्षी लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोटसने ‘एलिट’ ही फायबरग्लासची देखणी कूपे मांडली होती. सगळ्यांच्या नजरा एलिटवर खिळल्या, सेव्हन गाजावाजा न करता आली. तिला फोर्डचे ११७२ सी.सी.चे, साधारण ४० अश्वशक्तीचे साधे इंजिन होते. दरवाजे नव्हते. तयार मोटार कर धरून हजार पौंडांच्या वर जाई. भाग घेऊन घरी जोडली तर जवळपास निम्म्यात पडे. वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या ओळखीच्या मारुती ८०० पेक्षाही बरेच कमी. या हलकेपणामुळे साधे इंजिनही पुरेसे ठरे. त्यातही वेगाची हाव असलेल्यांसाठी कोव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिनाची ‘सुपर सेव्हन’ आली. ‘मालिका एक’च्या सुमारे २४० मोटारी बाहेर पडल्या.

१९६०चे दशक : विस्तार आणि एक पडदाप्रवेश

१९५९ मध्ये लोटस हॉर्न्सीहून चेशंटला गेली. त्याच सुमारास लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या केटरहॅम गावात ग्रॅहम निअर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोटसची विक्री सुरू केली. तेव्हा कोणाला कल्पना नव्हती, पण सेव्हनच्या पुढच्या सहा दशकांची पायाभरणी याच गॅरेजात होत होती.

१९६० मध्ये ‘मालिका दोन’ आली. खर्च कमी व्हावा म्हणून सांगाड्यातल्या काही नळ्या वगळल्या गेल्या. नाकाडाचा भाग आणि पुढचे रुंद मडगार्ड फायबरग्लासचे झाले. मागे ‘स्टँडर्ड’ कंपनीचा तयार अ‍ॅक्सल आला. १९६१ पासून कॉसवर्थने सुधारलेली फोर्डची १३४० आणि पुढे १५०० सी.सी.ची इंजिने मिळू लागली. कॉसवर्थ ही माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या लोटसमध्येच घडलेल्या दोघांनी १९५८ मध्ये काढलेली संस्था, त्यामुळे हे नाते घरचेच होते. ‘मालिका दोन’ सर्वांत जास्त खपली : आठ वर्षांत १३०० हून अधिक. शर्यतीतली मंडळी कमी झालेल्या नळ्या आपल्या परीने पुन्हा जोडून घेत. पुढे कारखान्यानेही हा अनुभव उपयोगात आणला.

१९६७ मध्ये सेव्हन घराघरांत पोहोचली ती दूरदर्शन मालिकेमुळे. पॅट्रिक मॅकगूहन यांच्या ‘द प्रिझनर’ मालिकेच्या शीर्षकदृश्यात नायक हिरव्या अंगाची, पिवळ्या नाकाची सेव्हन चालवतो. शेवटच्या भागात त्याची मोटार त्याला आणून देणारा मेकॅनिक म्हणजे खुद्द ग्रॅहम निअर्न.

१९६६ मध्ये लोटसने नॉरफोकमधल्या हेथेल इथे, महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर नवा कारखाना उभारला. कंपनीचे लक्ष आता फॉर्म्युला वन आणि महागड्या मोटारींकडे वळले होते. सेव्हनमधून नफा थोडा आणि कागदपत्रे फार. ती बंद करण्याचा विचार अधूनमधून डोके वर काढी. अशा वेळी केटरहॅमने सेव्हनची संपूर्ण विक्री आपल्याकडे घेण्याची तयारी दाखवली आणि मोटारीला मुदतवाढ मिळाली. १९६८ मध्ये ‘मालिका तीन’ आली. फोर्डची नवी क्रॉसफ्लो इंजिने आणि एस्कॉर्टचा दणकट मागचा अ‍ॅक्सल ही तिची वैशिष्ट्ये. १९६९ मध्ये लोटसच्या स्वतःच्या ट्विन-कॅम इंजिनाची ‘एसएस’ आवृत्ती निघाली. जेमतेम तेरा मोटारी झाल्या. पण तिच्या सांगाड्यात ज्या जादा नळ्या बसवल्या होत्या, त्यांनी सेव्हनचे भवितव्य ठरवले.

१९७०चे दशक : हस्तांतर

१९७० मध्ये ‘मालिका चार’ आली. अंग फायबरग्लासचे, आकार चौकोनी, आसने ऐसपैस. नव्या पिढीला रुचेल अशी मोटार करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता आणि ती बऱ्यापैकी खपलीही. जुन्या चाहत्यांची पसंती मात्र आधीच्याच रूपाला राहिली.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेले आणि १ एप्रिलपासून पर्चेस टॅक्सच्या जागी मूल्यवर्धित कर आला. नवा कर सुट्या भागांवरही होता. ज्या फटीतून सेव्हन जन्मली, ती एका तारखेला बुजली. लोटसने उत्पादन आधीच आवरते घेतले होते. जूनमध्ये हस्तांतराचा करार जाहीर झाला. लोटसच्या काळात एकूण सुमारे अडीच हजार सेव्हन तयार झाल्या होत्या.

केटरहॅमच्या मंडळींनी आधी ‘मालिका चार’च चालू ठेवली. ३८ मोटारी झाल्या आणि भागांचा पुरवठा आटला. तो काळच कठीण होता. तेल संकटाने पेट्रोल महागले होते, १९७४ च्या सुरुवातीला वीज वाचवण्यासाठी ब्रिटनमधले कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. अशा वेळी निअर्न आणि सहकाऱ्यांनी पुढच्या नव्या रूपाच्या मागे न लागता मागे वळण्याचे ठरवले. शरद ऋतूत ‘मालिका तीन’ पुन्हा सुरू झाली, तीही ट्विन-कॅम ‘एसएस’च्या बळकट सांगाड्यावर. त्यानंतरच्या प्रत्येक सेव्हनची वंशावळ या निर्णयापर्यंत जाते. हंटिंग्डनच्या आर्च मोटर्सने सांगाडे जोडले. तिथल्या वेल्डरांचे ऋण संस्थेवर विशेष आहे, कारण ज्या गोष्टीवर सेव्हनची सारी ख्याती उभी आहे ती त्यांच्या हातची होती.

लोटस हे नाव आता वापरता येत नव्हते. मोटार ‘केटरहॅम सेव्हन’ झाली. शर्यतींत ती इतकी वरचढ ठरू लागली की काही स्पर्धांतून तिला वगळण्यात आले. निअर्न यांनी त्याचीही जाहिरात केली : ‘शर्यतीसाठी फारच वेगवान मोटार’ असे छापलेले टी-शर्ट बाजारात आले.

१९८०चे दशक : आतून सुधारणा

१६ डिसेंबर १९८२ रोजी कॉलिन चॅपमन यांचे निधन झाले. त्यांच्या हातून सुटलेली मोटार तोपर्यंत केटरहॅममध्ये नऊ वर्षे तग धरून होती.

या दशकात बाहेरून मोटार जवळपास तशीच दिसत राहिली. बदल झाले ते आत. लोटसच्या ट्विन-कॅमचा पुरवठा थांबल्यावर फोर्डची इंजिने आणि वरच्या दर्जासाठी कॉसवर्थ ‘बीडीआर’ आले. उंच चालकांसाठी लांब आसनकक्ष निघाला. सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे दशकाच्या मध्यात आलेली ‘डी डिऑन’ मागची जुळणी. जुन्या सलग अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शिअलचे सारे वजन चाकांबरोबर वर-खाली उसळत असे. नव्या रचनेत ते सांगाड्याला बांधले गेले आणि चाकांना जोडणारी फक्त एक हलकी नळी उरली. चाके रस्त्याला अधिक धरून राहू लागली. खडबडीत रस्त्यावर हा फरक चालकाला लगेच कळे.

देशोदेशी सेव्हनसारख्या दिसणाऱ्या मोटारी निघू लागल्या. त्यावरून काही मतभेदही झाले. ते यथावकाश मिटले. संस्थेने आपले लक्ष कामावर ठेवले. मागणी वाढत होती, केटरहॅमचे गॅरेज पुरेना. १९८७ मध्ये उत्पादन केंटमधल्या डार्टफर्डला हलले. विक्रीचे दालन मात्र केटरहॅम गावातच राहिले.

१९९०चे दशक : काढून टाकण्याची किंमत

१९९० मध्ये ‘द प्रिझनर’ची खास आवृत्ती निघाली. तिच्या प्रकाशनाला मॅकगूहन स्वतः आले. प्रदूषणाचे नियम कडक होत चालले होते आणि जुनी कार्बोरेटरची इंजिने मागे पडत होती. रोव्हरचे संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे ‘के सिरीज’ इंजिन १९९१ पासून बसू लागले. ते इतके हलके होते की जणू सेव्हनसाठीच घडवले असावे. व्हॉक्सहॉलचे दोन लिटरचे इंजिनही वापरात आले. त्या ‘एचपीसी’ आवृत्तीच्या ग्राहकाला प्रगत वाहनचालनाचा अभ्यासक्रमही करावा लागे. माजी फॉर्म्युला वन चालक जोनाथन पामर यांच्या नावाची ‘जेपीई’ आली : २५० अश्वशक्ती आणि वजन साडेपाचशे किलोच्या आत. तिला काचच नव्हती.

१९९६ ची ‘सुपरलाइट’ या विचाराचा कळस. तिच्यातून पुढची काच, जादा चाक, गालिचे, हीटर सगळे निघाले, आणि किंमत वाढली. कमी केलेल्या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजणारा ग्राहक फक्त याच मोटारीला मिळाला असेल. दशकाच्या अखेरीस आलेली ‘आर ५००’ जगातल्या नामांकित मोटारींशी प्रवेगात बरोबरी करू लागली. याच काळात ‘ट्वेंटीवन’ या चाके झाकणाऱ्या अंगाच्या मोटारीचा प्रयोगही झाला. पन्नासहून कमी मोटारी तयार झाल्या. आज त्यांना संग्राहकांची मागणी आहे.

१९९५ चा उपक्रम मात्र संस्थेच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी ठरला. शर्यतीचा काहीही अनुभव नसलेल्यांसाठी केटरहॅमने ‘अकॅडमी’ सुरू केली. नवशिक्याने मोटारीचे भाग घ्यायचे, स्वतः जोडायचे, परवाना काढायचा आणि आपल्यासारख्याच नवख्यांशी, सारख्याच मोटारीने स्पर्धा करायची. मोटार रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याने शर्यतीहून तीच घेऊन घरी जाता येई. ७५० क्लबने चाळीसच्या दशकात जे सुरू केले, तेच इथे नव्या रूपात उभे राहिले.

२००० चे दशक : नवे मालक

वाढत्या उंची-रुंदीच्या ग्राहकांसाठी २००० मध्ये रुंद सांगाड्याची ‘एसव्ही’ निघाली. २००२ मध्ये नुर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एका केटरहॅमने आपला गट जिंकला आणि दोनशेहून अधिक मोटारींत अकरावा क्रमांक मिळवला. ‘सीएसआर’ या आवृत्तीत मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आले.

एप्रिल २००५ मध्ये रोव्हर कंपनी बंद पडली आणि ‘के सिरीज’चा झरा आटला. स्वतःचे इंजिन केटरहॅमकडे कधीच नव्हते, त्यामुळे पुरवठादार गेला की नवा शोधण्याची सवय कारखान्याला होती. संस्था पुन्हा फोर्डकडे वळली. त्याच वर्षी निअर्न कुटुंबाने कंपनी अन्सर अली यांच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांना विकली. २००९ मध्ये ग्रॅहम निअर्न यांचे निधन झाले. चॅपमन यांनी सेव्हन जन्माला घातली. तिला पन्नास वर्षांपर्यंत पोहोचवले निअर्न आणि त्यांच्या बरोबरीने राबलेल्या मंडळींनी.

२०१० चे दशक : मोठी स्वप्ने, छोटे इंजिन

२०११ मध्ये मलेशियाचे उद्योजक टोनी फर्नांडिस यांनी कंपनी घेतली. त्यांच्या फॉर्म्युला वन संघाला २०१२ पासून केटरहॅम हे नाव मिळाले. त्याआधीच्या वर्षी याच संघाकडून जर्मन ग्रांप्रीत चेन्नईचा करुण चांढोक धावला होता. शर्यतीच्या त्या पायरीवरचा प्रवास २०१४ मध्ये थांबला.

सेव्हनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना २०१३ ची. सुझुकीचे अवघे ६६० सी.सी.चे, तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि ८० अश्वशक्ती अशी ‘१६०’ ही साधी आवृत्ती आली. मूळच्या १९५७ च्या मोटारीच्या ती मनाने सर्वांत जवळची. जपानच्या लहान मोटारींच्या ‘केई’ गटात ती बसे, त्यामुळे तिथे तिचे मोठे स्वागत झाले. दुसऱ्या टोकाला ३१० अश्वशक्तीची ‘६२० आर’ त्याच वर्षी निघाली. एकाच रचनेत ही दोन टोके बसतात, यातच तिचे सामर्थ्य दिसते.

२०२० चे दशक आणि सद्यस्थिती

२०२१ मध्ये जपानमधील दीर्घकालीन वितरक व्हीटी होल्डिंग्ज यांनी कंपनी विकत घेतली. विक्रेत्याने आपण विकत असलेली मोटार वाचवण्यासाठी कारखानाच हाती घ्यावा, हे या इतिहासात दुसऱ्यांदा घडले. त्याच वर्षी आलेली ‘१७०’ शर्यतीच्या रूपात ४४० किलोंची, कंपनीची आजवरची सर्वांत हलकी उत्पादित मोटार. सुवर्णमहोत्सवी वर्षात कारखाना डार्टफर्डमध्येच नव्या, प्रशस्त इमारतीत गेला.

ब्रिटनमधल्या ग्राहकाला मोटार आजही खोक्यांत घेता येते. जोडणीला कंपनीच्या अंदाजाने ८० ते १०० तास लागतात. त्यानंतर सरकारी तपासणी होते आणि मग नंबरप्लेट. कराचा फायदा संपून अर्धशतक लोटले, तरी लोक ती घरीच जोडतात. अकॅडमीतून दरवर्षी नवे चालक बाहेर पडतात आणि त्यांतले बरेच केटरहॅमच्याच वरच्या गटांत जातात.

विजेच्या युगाची तयारी सुरू आहे. २०२३ मध्ये संस्थेने विजेवरच्या सेव्हनचा प्रायोगिक नमुना दाखवला. शर्यतीच्या मार्गावर २० मिनिटे चालवायची, १५ मिनिटे चार्ज करायची, पुन्हा २० मिनिटे चालवायची, हे त्याचे उद्दिष्ट. बॅटरीने वजन वाढते आणि ही मोटार उभी आहे ती वजनाच्या काटकसरीवर. बॅटऱ्या पुरेशा हलक्या होईपर्यंत तो नमुना विक्रीस न आणण्याचा पवित्रा संस्थेने घेतला आहे. सहा दशकांची शिस्त पाहता तो योग्यच वाटतो.

अशा लेखाच्या शेवटी कार्यकर्त्यांची नामावली देण्याची प्रथा आहे. हॉर्न्सीच्या तबेल्यात संध्याकाळी राबणारे तरुण, हंटिंग्डनचे वेल्डर, पत्रा ठोकणारे, केटरहॅमच्या गॅरेजातले मेकॅनिक, डार्टफर्डचे जुळारी या सर्वांची ती नावे. पण या संस्थेत ती यादी पूर्ण होणार नाही. आपल्या गॅरेजात चुकीच्या जागी बसलेला बोल्ट काढून पुन्हा नीट बसवणारा प्रत्येक मालक तिच्या कामगारांपैकीच एक आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. सुवर्णमहोत्सवाचे श्रेय सर्वांइतकेच त्याचेही.